मोहाखालचं अपुरं कडं

या मार्चपर्यंत तरी बेलखुटीची माणसं वाघाला जेवढी भीत नसत, तेवढी प्रेमदासच्या भाषणाला भीत. वाघ वर्षातून एखादवेळा गावाच्या कडेनं जायचा, एखादी कालवड न्यायचा आणि आपल्या कामाला लागायचा. प्रेमदासचं भाषण पंधरा फेब्रुवारीला सुरू व्हायचं ते पंधरा जूनला थांबायचं. जंगलात आगीचा मोसम तेवढाच, आणि प्रेमदास त्या मोसमाचा माणूस. वनखात्यात तो फायर वॉचर होता. चार महिने टेकडीवरच्या झोपडीत राहायचं, कुठं धूर दिसला की धावायचं, हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची, आणि उरलेल्या वेळात तिकडं वाट चुकलेल्या माणसाला अडवून धुराविषयी सांगायचं. हे शेवटचं काम खात्यानं दिलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःहून घेतलं होतं आणि एकोणीस वर्षांत त्यात एक दिवस रजा घेतली नव्हती.

खात्यानं त्याला एक शिट्टी दिली होती आणि एक खाकी शर्ट. शर्ट धुऊन धुऊन असा झाला होता की तो खाकी आहे हे सांगावं लागे, आणि प्रेमदास ते सांगे. नाक मात्र त्याचं स्वतःचं होतं. झुळूक आली की डोळे मिटून तो उभा राही. सागाचा पाला जळला की धूर कडवट, बांबूचा टोचरा, गवताचा नुसताच उथळ, आणि मोहाच्या पाल्याचा धूर जाताना मागं थोडा गोडवा ठेवून जातो, असं त्याचं शास्त्र. त्याचा शेजारी आणि शाळेतला सोबती बंडूजी मुद्दाम त्याच्यासमोर बिडी पेटवून विचारायचा, हा धूर कोणत्या झाडाचा म्हणून. प्रेमदास गंभीरपणे वास घेऊन सांगायचा, तेंदू.

त्याच्या भाषणाचा मुख्य आरोपी होता मोह. मार्चमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात आणि खालच्या वाळल्या पाल्याच्या ढिगात हरवतात. वेचायची कशी? म्हणून बेलखुटीत आजे-पणजे करत आले ते असं की, फुलं पडायच्या आधी झाडाखालच्या पाल्याला काडी लावायची. घटकाभरात जमीन लख्ख. कोणतं झाड कोणत्या घराचं हे कुठल्या कागदावर नाही, पण पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. काडी मात्र कोणत्या घराची, हे एवढ्या हुशार गावात कधीच कुणाला ठाऊक नसे. काडी लावणारा घरी येऊन चहा प्यायचा, मागं वारा सुटायचा, आग झाडाखालून जंगलात जायची आणि प्रेमदासची शिट्टी वाजायची.

मग प्रेमदास सभेत उभा राहून म्हणायचा की, माझंही झाड आहे नाल्याकाठी. माझी बायको ते हातानं झाडते. चार महिने मी घरी नसतो, तरी तिनं कधी काडीला हात लावला का? शिकायचं तर तिच्याकडून शिका. हे ऐकून सगळी सभा माना खाली घालायची. लोकांना लाज वाटते आहे, हे पाहून प्रेमदासला भरून यायचं.

देवकाबाई, त्याची बायको, अशा वेळी बायकांच्या शेवटच्या ओळीत बसून पदराशी खेळत असायची.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून तिला दम लागू लागला होता. आधी टेकडी चढताना, मग विहिरीवरून येताना, मग नुसती भाकर थापताना. वर्ध्याच्या डॉक्टरनं बिडी ओढता का म्हणून विचारलं, तेव्हा तिला एवढा अपमान वाटला की परतीच्या एसटीत सेलू येईपर्यंत ती बोलली नाही. डॉक्टरचं म्हणणं साधं होतं. चाळीस वर्षं चूल आणि दर मार्चला जंगल, छातीला दोन्ही धूर सारखेच. त्यानं तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि धुरापासून लांब राहा म्हणाला. बेलखुटी आहे परातीसारखी, चारी बाजूंनी टेकड्या. जंगलाचा धूर सकाळी थंड होऊन खाली उतरतो आणि दुपारपर्यंत गावातच बसून राहतो. लांब राहायचं म्हणजे परातीच्या बाहेर राहायचं.

गावची आशाताई अंजू एक फुंकायची नळी घेऊन घरोघर फिरायची. त्यात जोरानं फुंकलं की काटा पुढं सरकतो; जेवढा श्वास, तेवढा काटा. जानेवारीत देवकाबाईचा काटा दोनशे दहावर गेला. आदल्या मार्चच्या धुरानंतर तोच एकशे चाळीसला अडकला होता. अंजूनं प्रेमदासला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, यंदा तसा धूर बसला तर काकूले वर्ध्याले नेईपर्यंत टाइम भेटन का नाई, मले सांगता येत नाई."

त्या आठवड्यातल्या ग्रामसभेत प्रेमदास उठला आणि दोन मिनिटांत खाली बसला. गाव घाबरलं. जो माणूस आभार मानायलासुद्धा पाव तास घेतो, तो दोन मिनिटांत बसतो म्हणजे काहीतरी खरंच झालं असणार. त्यानं एवढंच म्हटलं होतं की, इतकी वर्षं जंगलासाठी सांगत होतो, यंदा देवकासाठी मागतो. यंदा काडी लावू नका.

आणि गावानं ऐकलं. पाला हातानं झाडायचा, वर जुनी लुगडी-साड्या अंथरायच्या, फुलं त्यावर पडतील. ज्या घरानं शब्द दिला त्यानं आपल्या झाडाला घरातल्या साडीची चिंधी बांधायची, म्हणजे झाडाकडं पाहताच कळेल. एवढ्यावर सगळं नीट झालं होतं. पण आपला शब्द गावानं पहिल्यांदाच मानला, हे पाहून प्रेमदासच्या अंगात आलं. त्यानं नियम काढला. ज्याच्या झाडाखालून आग सुटेल, त्या घराच्या कर्त्यानं सभेत उभं राहून काडी कुणी लावली ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि त्या वर्षीची त्या झाडाची फुलं गावानं वेचायची. बंडूजी म्हणाला, एवढं कडक काऊन? प्रेमदासनं उत्तर दिलं, ज्याच्या मनात काडी नाही त्याला कसली भीती.

बंडूजीनं मग दुसरी अडचण काढली. आमच्या घरी जुनी साडीच नाही, बायको चिंधी होईपर्यंत नेसते. प्रेमदासनं तिथल्या तिथं देवकाबाईच्या चार साड्या बंडूजीला जाहीर करून टाकल्या. टाळ्या पडल्या. देवकाबाईनं शेवटच्या ओळीतून मान हलवली. ती होकारासाठी होती की खोकल्यासाठी, हे पाहायला प्रेमदासला सवड नव्हती. अर्धा फेब्रुवारी होताच तो टेकडीवर गेला. जाताना एक हिरव्या काठाची चिंधी आपल्या झाडाला बांधून गेला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, त्याच्या नाकाला गोडवा लागला.

मोहाचा पाला. डोळे उघडायच्या आत त्याला आरोपीही सापडला होता. वनरक्षक मोहिनी मॅडमना फोन करून त्यानं सांगितलं की, बंडूजीच्या बाजूनं आहे, मी आधीच म्हणत होतो. वारा उलटा होता. आग नाल्यावरून चढून बांबूत शिरली आणि दोन दिवस आटोक्यात आली नाही. गावातले सगळे पुरुष फांद्या घेऊन आले. प्रेमदास प्रत्येक फटक्याला मनात बंडूजीचं नाव घेत होता, आणि बंडूजी त्याच्यापासून दहा पावलांवर, भुवया जळेपर्यंत, आग झोडपत होता.

धूर तीन दिवस परातीत बसला. शाळा सुटीवर गेली. म्हाताऱ्या रुख्माबाईला सेलूच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाईचे ओठ निळे पडले आणि अंजू तिला रुग्णवाहिकेतून वर्ध्याला घेऊन गेली. प्रेमदासला हे संध्याकाळी कळलं, तेव्हा त्याच्या हातात जळकी फांदी होती. ती टाकून तो खाली बसला. शेजारी बंडूजी बसला आणि त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. प्रेमदासनं ती घेतली नाही.

चार दिवसांनी देवकाबाई घरी आली. पाचव्या दिवशी मोहिनी मॅडम पंचनाम्याला आल्या. पंचवीस-सव्वीसची पोरगी, पुलगावची, चालायची झपझप. तिच्या मोबाईलवर उपग्रहानं पाठवलेला ठिपका होता, आग जिथं पहिल्यांदा दिसली त्या जागेचा. प्रेमदासला ठिपक्याची गरज वाटत नव्हती. त्यानं आधी बंडूजीचं झाड पाहू म्हणून हट्ट धरला. मॅडम हसल्या आणि गेल्या.

बंडूजीच्या मोहाखाली एकही पान नव्हतं. देवकाबाईच्या चार साड्या, कोपऱ्यांवर दगड ठेवून, अशा नीट अंथरल्या होत्या की जणू लग्नाची पंगत बसायची आहे. त्यावर ताजी फुलं पडली होती. जमीन कुठंही काळी नव्हती. प्रेमदासनं झाडाभोवती दोन चकरा मारल्या, मग पाल्याच्या ढिगात काठी घालून पाहिली. काही निघालं नाही.

"काका, ठिपका नाल्याच्या उजव्या अंगाले हाये," मॅडम म्हणाल्या.

"मोबाईल चुकते कधी कधी," प्रेमदास म्हणाला.

नाल्यावर वाट फुटते. उजवीकडं जाताना प्रेमदासनं चार वेळा थांबून सांगितलं की इकडं कुणाचं झाड नाही. पाचव्या वेळी तो बोलला नाही, कारण समोर झाड होतं. बुंध्याची एक बाजू काळी पडली होती. वर फांदीला हिरव्या काठाची चिंधी, अर्धी जळून आक्रसलेली.

"हे कोणाचं झाड होय, काका?"

प्रेमदास जमिनीकडं पाहत होता. झाडाभोवती कुणीतरी कडं झाडलं होतं, तीन हात रुंद, पाल्याचा कचरासुद्धा न ठेवता, कडेची माती वर ओढून. जाळरेषा. कुठलीही जागा जाळण्याआधी तिच्याभोवती असा पट्टा साफ करावा म्हणजे आग बाहेर जात नाही, हे तो एकोणीस वर्षं सभांमधून सांगत आला होता. तीन हात म्हणजे किती, हे हात पसरून दाखवायचा. गावात कुणी कधी केली नव्हती. इथं केलेली होती, अगदी मापात. कडं बुंध्याच्या पूर्वेकडून सुरू झालं होतं, दक्षिणेला छान वळलं होतं, मग हळूहळू अरुंद होत गेलं होतं. एका सपाट दगडापाशी ते थांबलं. दगडासमोर दोन टाचांच्या खुणा होत्या, कुणी तरी बराच वेळ बसल्यासारख्या. तिथून पुढं नाल्यापर्यंत कडं नव्हतं. आग तेवढ्याच फटीतून बाहेर गेली होती. दगडाला टेकून खराटा पडला होता. त्याचा दांडा जळला होता, पण बांधलेली तार प्रेमदासनं स्वतः पिळलेली होती.

"काका?"

"सांगतो सभेत," तो म्हणाला. "नियम हाये तसा."

घरी देवकाबाई अंगणात खाटेवर बसली होती, मांडीवर पंप घेऊन. प्रेमदास उंबऱ्यावर बसला.  मग त्यानं विचारलं, "काऊन केलं तू असं?"

तिनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "झाडाले वाकलं का दम भरते. धूळ उडली का जीव जाते. काडी ओढाले दम लागत नाई."

"मले सांगतलं असतं."

"सांगतलं असतं तर तुम्ही भाषण देल्लं असतं."

साड्या असत्या तर झाडाखाली अंथरल्या असत्या, ती म्हणाली, पण साड्या त्यानं वाटून टाकल्या. शेजारणीला झाडायला बोलवावं तर वॉचरच्या बायकोनंच हात टेकले असं झालं असतं. फुलं सोडून द्यावीत, तर झाड तिच्या सासूनं मरताना तिच्या हवाली केलेलं. म्हणून ठरवलं की तो सभेत सांगतो त्याच पद्धतीनं जाळू, कडं घालून, पद्धतशीर. पाऊण झालं आणि श्वास पुरेना. दगडावर बसली, पंप ओढला, वारा पडलेला होता. तेवढ्यात उरकून जाईल असं वाटलं.

हे सगळं तिनं बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. प्रेमदासला त्यातून एकच आधार काढायचा होता. "पहिल्यांदाच ना?" त्यानं विचारलं.

देवकाबाईनं पंपाचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पहिल्यांदाच ना, देवका?"

"हातानं कोन झाडते जी एवढं?" ती म्हणाली. "दरसाल लावतच होतो आम्ही. तुमच्या झाडाले आधी लावत, मंग बाकीच्याईले. तुमच्या झाडापाशी कोनी पाहाले येत नसे."

एकोणीस सभा प्रेमदासच्या डोळ्यांपुढून गेल्या. माझी बायको हातानं झाडते. सगळ्या माना खाली. ती लाज नव्हती. सगळं गाव हसू दाबत होतं, आणि त्यानं त्या हसण्यासमोर उभं राहून एकोणीस वर्षं छाती फुगवली होती. बंडूजीला ठाऊक होतं. रुख्माबाईला ठाऊक होतं. शेवटच्या ओळीत पदराशी खेळणारीला तर होतंच. यंदा मात्र, ज्या एका वर्षी त्यानं खरंच काही मागितलं, त्या वर्षी सगळ्या गावानं शब्द पाळला होता. पाळला नाही तो फक्त त्याच्या घरानं, आणि त्यातही, जिच्यासाठी तो मागितला होता तिनं.

सभेच्या दिवशी पंचायतीपुढचं अंगण भरलं. लोकांना ठाऊक होतं. बेलखुटीत मोबाईलच्या ठिपक्याआधी बातमी पोहोचते. प्रेमदास उठायच्या आत बंडूजी उठला. जळक्या भुवयांमुळं त्याचा चेहरा कायमचा चकित झाल्यासारखा दिसत होता. तो म्हणाला की, मॅडम, वाटसरू असेल कुणी. बकऱ्यावाले येतात बाहेरून, बिडी टाकतात. अज्ञात इसम लिहा, आमची सगळ्यांची सही घ्या. मागून होकार उठले. एकानं तर बकऱ्यावाला पाहिल्याचंही सांगितलं, लाल पागोट्याचा.

प्रेमदासला ते ऐकवेना. जे गाव एकोणीस वर्षं त्याला हसलं, ते आता त्याच्यावर दया करत होतं, आणि तीसुद्धा त्याच सराईतपणे. तो उभा राहिला. खाकी शर्ट घातला होता, वरचं बटण लावून.

"झाड माझं होय," तो म्हणाला. "काडी देवकाबाईनं लावली."

एवढं बोलून त्याला वाटलं की आता मोकळं वाटेल. नियम त्याचा, आणि तो त्यानंच पाळला होता. या अंगणात प्रामाणिक असा तो एकटाच उरला होता. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. यंदा कुणाचीही मान खाली नव्हती. लोक त्याच्याकडं असे पाहत होते, जसं कुणी आजारी माणसाला खाटेवरून ढकलावं आणि बाकीच्यांनी पाहावं. अंजूनं तर तोंड फिरवलं.

मग शेवटच्या ओळीत देवकाबाई उठू लागली. उठायला तिला वेळ लागला. शेजारणीनं हात दिला, तो तिनं घेतला. ती बोलायला लागली तेव्हा एकेका शब्दाला थांबत होती.

"कडं मी घातलतं," ती म्हणाली. "पाऊण घातलतं. पाव राह्यलं. तो पाव कोनं घालाचा होता, हेबी सांगा सभेले. स्वतःच्या तोंडानं."

प्रेमदास उभाच राहिला. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली, मग कागद दुमडला. बंडूजीनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, आणि पाण्याची बाटली नाकारणाऱ्या प्रेमदासनं तो हात मात्र सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणं गावातल्या बायका नाल्याकाठच्या झाडाची फुलं वेचायला गेल्या. परत येऊन त्यांनी देवकाबाईला सांगितलं की, तिथं तुमचे हे होते. नवा खराटा घेऊन, दगडापासून नाल्यापर्यंत, राखेतून कडं झाडत होते. तिथं आता जळण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं, हे त्यांना आम्ही सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. तीन हातांचं माप मात्र बरोबर धरलं होतं.



दुपारी प्रेमदास घरी आला. डोक्यापासून पायापर्यंत राख, भुवया पांढऱ्या, खाकी शर्टाचा खाकीपणा आता कुणी सांगूनही पटला नसता. तो अंगणात शिरताच देवकाबाईनं पदर नाकाला लावला आणि खाट वाऱ्याच्या वरच्या बाजूला ओढून घेतली. ओढताना तिला दम लागला. तो पुढं झाला, तशी तिनं हातानं त्याला तिथंच थांबवलं.

"कपडे बाहेर झटका," ती म्हणाली. "घरात नका आनू."

तो फाटकाबाहेर गेला आणि शर्ट काढून झटकू लागला.